मोहोडांच्या घराचा मंजूर भार

"फ्रिजमागे काय हरवलं, सूनबाई?"

मी फ्रिज आणि भिंत यांच्या फटीतून डोकं बाहेर काढलं. केसांना जळमट चिकटलं होतं. सासरे स्वयंपाकघराच्या दारात उभे होते.

"काही नाही बाबा. वॅट बघत होते."

"सापडले?"

"एकशे साठ."

"बरे आहेत," बाबा म्हणाले. जणू मी कुणा आजारी नातेवाइकाची खुशाली सांगितली होती. मग ते व्हरांड्यात निघून गेले.

ही अमरावतीची गोष्ट, पंचवीसएक वर्षांपूर्वीची. लग्नाला तेव्हा वर्ष होत आलं होतं. मी सांगलीची, आणि माझा धंदा दात बनवण्याचा. दंतवैद्य दात घासून बारीक करतात. त्याच्यावर बसणारी टोपी जो बनवतो त्याला डेंटल मेकॅनिक म्हणतात. मोहोडांच्या घरात हे कुणाला नीटसं उमगलं नव्हतं. शेजारच्यांना सांगताना ते "सून डॉक्टर लाइनची आहे" एवढ्यावर थांबायचे. लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी विचारलं होतं, पाटल्या करू की गोठ? मी म्हटलं, भट्टी. वडिलांनी ती दिली. साचा तापवायची विजेची भट्टी, नऊशे अंशांपर्यंत जाणारी. लग्नानंतर ती खोक्यासकट आमच्या पलंगाखाली गेली. बाकीच्या नववधू आपले दागिने बँकेत ठेवतात. मी माझ्या दागिन्यावर रोज झोपत होते.

कारण साधं होतं. भट्टी दोन हजार वॅटची, आणि या घराला मंजूर झालेला भार दीड हजारांचा.

कॅम्प भागातल्या डॉक्टर लढ्ढांनी मला काम द्यायचं कबूल केलं होतं. तोवर त्यांचे सगळे दात नागपूरला बनून यायचे. "घरी भट्टी चालू करा ताई, मी नागपूर बंद करतो," असं त्यांनी सांगितलं होतं. म्हणून मी त्या मे महिन्यात घरातल्या प्रत्येक यंत्राच्या पोटाखाली आणि पाठीमागे शिरून लोड काढत होते.

इथे घरातली एक पद्धत सांगायला हवी. मोहोडांकडे कुठलंही जड बटण दाबण्याआधी हाक द्यावी लागे. "इस्तरी लावतो!" असं माझा नवरा प्रफुल्ल आतून ओरडायचा. व्हरांड्यात मीटरखाली खुर्ची टाकून बसलेले बाबा मग "लाव" म्हणायचे, नाहीतर "थांब, मोटर चालू आहे." परवानगी मिळाल्याशिवाय बोट बटणाला लागत नसे. बाबा पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. पाणी थोडं, शेतं फार, तेव्हा पाळी लावल्याशिवाय गत नाही, यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. हाताखालचं पाणी गेल्यावर त्यांनी तीच विद्या विजेवर चालवली, अशी माझी समजूत झाली होती. पाहुणेसुद्धा दुसऱ्या दिवसापासून हाका द्यायला लागत. प्रफुल्लचा एक आतेभाऊ इथे आठवडाभर राहून गेला आणि पुण्याच्या लॉजमध्ये गीझर लावताना ओरडला, असं सांगतात.

सगळ्यात जास्त हाका सासूबाईंच्या. "मिक्सर लावते." "लाव." "मिक्सर झाला." "हूं." "मोटर लावते." "लाव." एरवी आई हळू आवाजाच्या. हाक देताना मात्र आवाज थेट फाटकापर्यंत जायचा. मला वाटलं, शिस्त.

दुपारी मी कागद घेऊन व्हरांड्यात गेले.

"चार हजार दहा," मी म्हटलं.

"एवढं सामान आहे आपल्याकडे?" बाबा जरा सुखावले.

"दिवे, पंखे, फ्रिज, टीव्ही, मिक्सर, इस्तरी, पाण्याचा रॉड, दोन कूलर आणि मोटर. पण सगळं काही एकदम चालत नाही, म्हणून साठ टक्के धरायचे. चोवीसशे. भट्टी तीन-तीन तास चालते, तिला ही सूट नाही. ती पूर्ण दोन हजार. झाले चव्वेचाळीसशे. आपण पाच किलोवॅट मागू."

"साठ टक्के कुठून आणले?"

"पुस्तकातून."

"पुस्तकवाल्यानं हे घर पाहिलं?" बाबांनी मान न वळवता बोटाने मीटर दाखवलं. "यानं पाहिलं. आजवरची सगळ्यात मोठी मागणी त्यात जमा राहते. किती आहे, वाच."

मी वाचली. तेराशेच्याही खाली होती. रॉड, फ्रिज आणि दोन पंखे. त्यापलीकडे या घराने एका वेळी कधी काही मागितलंच नव्हतं.

"चार हजाराचं सामान अन् तेराशेची भूक," बाबा म्हणाले. "हे बसते का तुह्या पुस्तकात?"

बसत नव्हतं. पुस्तक लिहिणाऱ्याने माणसं वाटेल तेव्हा वाटेल ते बटण दाबतात, असं धरलं होतं.

"तुला पाळी लावून देतो," बाबा म्हणाले. "दुपारी दोन ते पाच. तुही भट्टी चालेल, बाकी समदं बंद. कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याला मी कधी कोरडं नाही ठेवलं, तुला ठेवीन?"

"मे महिना आहे बाबा. कूलरसुद्धा बंद?"

"फ्यूज दहा अँपिअरचा आहे, तेवीसशे सोसते. पंखा चालेल."

मी म्हटलं, एक पाळी बघू. मला पटलं होतं म्हणून नाही. भट्टी एकदा पलंगाखालून बाहेर निघाली की परत आत जाणार नाही, एवढं मी ठरवलं होतं.

डॉक्टर लढ्ढांनी पहिलं काम दिलं ते एका नवरदेवाचं. क्रिकेट खेळताना समोरचा दात गेला होता, आणि लग्न पुढच्या आठवड्यात होतं. साखरपुड्याच्या फोटोंत तो सगळीकडे अतिशय गंभीर आलेला आहे, असं डॉक्टर म्हणाले. मी मेणाचा दात कोरला आणि त्याच्याभोवती साचा ओतला. आता साचा भट्टीत हळूहळू तापवायचा. मेण जळून जातं, पोकळी राहते, पोकळीत धातू ओतायचा. यात एकच पथ्य असतं. तापलेला साचा मध्येच थंड होता कामा नये. झाला की तडकतो.

दोनच्या ठोक्याला मी मागच्या खोलीतून ओरडले, "भट्टी लावते!"

"लाव," बाबा म्हणाले. त्या 'लाव'मध्ये धरणाचा दरवाजा उचलल्याचा रुबाब होता.

कूलर थांबले. घरात एकदम इतकी शांतता झाली की रस्त्यावरचा कुल्फीवाला आपल्याच दिवाणखान्यात बसून घंटा वाजवतोय असं वाटायला लागलं. प्रफुल्ल कॉलेजात ग्रंथपाल होता आणि सुट्टीमुळे घरी होता. तो ओला पंचा डोक्यावर घेऊन फरशीवर आडवा झाला. आईंनी लोणच्याच्या मसाल्याचं साहित्य भाजून ठेवलं होतं. त्या ओट्यापाशी उभ्या होत्या. बाबा मीटरकडे तोंड करून बसले होते. भट्टीचा काटा चढत होता. तीनशे. पाचशे. सातशे.

आणि सातशेच्या पुढे काटा गेला तेव्हा स्वयंपाकघरातून खणखणीत आवाज आला.

"मिक्सर लावते."

"लाव," बाबा म्हणाले.

बाबा फ्यूजला बारीक एकपदरी तार वापरत. जाड तार लावणं म्हणजे चोराला किल्ली देणं, असं त्यांचं मत होतं. मिक्सर एकदा घुरकला, व्हरांड्यात टप्प असा आवाज झाला आणि पंखे सावकाश थांबले.

बाबांनी तार बदलली. त्यांना वेळ लागला. इतक्या वर्षांत या घराचा फ्यूज प्रथमच उडाला होता. वीज आली तोवर साच्यावर केसासारखी बारीक रेघ उमटली होती. मी बघत असतानाच ती खालपर्यंत गेली.

"तुम्ही 'लाव' कसं म्हणालात?" मी विचारलं.

"तोंडून निघून गेलं."

"आणि आई, तुम्हाला माहीत होतं ना भट्टी चालू आहे?"

"म्हणून तर विचारलं मी," आई म्हणाल्या. "न विचारता लावला असता तर गोष्ट वेगळी."

नवरदेवाचा दात नागपूरहून आला. डॉक्टर लढ्ढा रागावले नाहीत. त्यांनी चहासुद्धा पाजला. "घरची लाइन पक्की झाली की या ताई," ते म्हणाले. "तोवर मी नागपूर चालू ठेवतो." चहा पाजून सांगितलेली गोष्ट पक्की असते, हे मला ठाऊक होतं.

डॉक्टरांकडून परतले त्या संध्याकाळी मी गच्चीवर प्रफुल्लला गाठलं. तो वाळत घातलेल्या कुरडया उलटत होता.

"मला एक सांग. तुझ्या आईला भट्टी नको आहे का?"

"आईला? तिला भट्टीचं काही नाही."

"मग मुद्दाम मिक्सर लावला?"

"मुद्दाम नाही. तीन तास झाले असते ना." प्रफुल्लने एक कुरडई उलटली. "तीन तास ती बाबांशी काही बोलली नसती."

मी कुरडयांची परात बाजूला सरकवली आणि त्याच्यासमोर बसले. प्रफुल्लकडून माहिती काढणं म्हणजे अक्कलदाढ काढण्यासारखं असतं. घाई केली की तुटते.

"ताईचं लग्न ठरलं त्या वर्षापासून," तो म्हणाला. त्याची मोठी बहीण रायपूरला दिलेली आहे. "बाबांनी कालव्याच्या रेस्ट हाउसवर बसून स्थळाला शब्द दिला. घरी येऊन सांगितलं, ठरवून आलो. आईला विचारलंच नाही."

"माणसं वाईट निघाली?"

"नाही ना. फार चांगली निघाली. तीच तर पंचाईत झाली. भांडायला जागा राहिली नाही."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी आईने स्वयंपाकघरातून विचारलं, मिक्सर लावू का? बाबा म्हणाले, लाव ना, त्यात विचारायचं काय? आई म्हणाली, विचारून केलेलं बरं असते. मग मोटर लावताना विचारलं. मग इस्तरी. तेव्हापासून."

"आणि कालवा? पाळी?"

"ते बाबांनी मागाहून लावलं. लोक विचारायचे, तुमच्याकडे हे काय चालते म्हणून. काहीतरी सांगावं लागते."

"विजेशिवाय दुसरं काहीच बोलत नाहीत?"

"नाही."

"किती वर्षं झाली याला?"

"ताईचा मुलगा चौथीत आहे."

"आणि तू मला हे सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं तुझ्या लक्षात आलं असेल," प्रफुल्ल म्हणाला. "तू सायन्सची."

मी खाली आले आणि लोडचा कागद पुन्हा काढला. सगळ्या आकड्यांची बेरीज तपासली. बरोबर होती. दीड किलोवॅटमध्ये या घराचं का भागतं, ते आता कळत होतं. पण म्हणून भट्टी एका वॅटनेही लहान होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज भरून मी व्हरांड्यात गेले. बाबांनी तो वाचला, घडी घातली आणि मला परत दिला.

"सही आईंची लागेल," मी म्हटलं. सरकारी नोकरीतली माणसं घर बायकोच्या नावावर घेत. त्यामुळे मीटरही आईंच्याच नावावर होतं.

"ठाऊक आहे. घेऊन जा. तुह्यावर काही राग नाही तिचा. करील."

"तुमची हरकत नाही?"

बाबांनी मान वर करून मीटर पाहिलं.

"पाच किलोवॅट झाले," ते म्हणाले, "की हाक द्यायला काय कारण राहते मंग?"

मी अर्जाची घडी उलगडली.

"दिवसातून वीस वेळा बोलते माझ्याशी. टोमणा आहे, मला समजते. मी काही खुळा नाही. पण बोलते ना. तू ते बंद करून राहिली."

हे ऐकून शहाण्या सुनेने अर्ज फाडायला हवा होता. पण मी दातांच्या धंद्यातली. दुखतंय एवढ्यावरून हात मागे घ्यायचा नसतो, हे तिथे पहिल्या वर्षी शिकवतात.

"मी नाही नेणार अर्ज," मी म्हटलं. "तुम्ही न्या."

"मी?"

"आजवर तुम्ही 'लाव' म्हणालात किंवा 'थांब' म्हणालात. विचारलंत कुठे? आता विचारा. पाच किलोवॅट करायचे का, म्हणून."

"अन् नाही म्हणाली तं?"

"तर भट्टी पलंगाखाली जाईल आणि मी नागपूरला नोकरी बघेन. शनिवार-रविवार येत जाईन."

हे मी धमकी म्हणून बोलले नव्हते. आदल्या रात्री प्रफुल्लला सांगून झालं होतं, आणि तो नागपूरच्या गाड्यांचं वेळापत्रक पाहून आला होता. बाबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग अर्ज घेतला, खुर्चीतून उठले आणि चप्पल न घालताच मागच्या अंगणात निघाले.

आई विळीवर कैऱ्या फोडत बसल्या होत्या. मी स्वयंपाकघराच्या दारात थांबले. प्रफुल्ल आतल्या खोलीत होता, तो पुस्तकाचं पान उलटायचा थांबला.

"अर्ज आहे," बाबा म्हणाले.

आईंनी कैरी फोडली.

"वीज वाढवायचा. सूनबाईच्या भट्टीसाठी."

दुसरी कैरी.

"घर तुह्या नावावर आहे."

"माहीत आहे मला," आई कोयीला उद्देशून म्हणाल्या.

"म्हणून," बाबांनी घसा साफ केला, "म्हणून विचारून राहिलो. करायचे का पाच किलोवॅट? तू म्हणशील तसं."

विळी थांबली. बाबा उन्हात उभे होते, आणि फरशी तापलेली असल्यामुळे एकदा या पायावर, एकदा त्या पायावर होत होते. आईंनी त्यांना सावलीत या म्हटलं नाही. त्यांनी पदराला हात पुसले, अर्ज घेतला, आणि मला हाक मारली.

"सूनबाई, काय काय धरलं तू यात?"

मी वाचून दाखवलं. दिव्यांपासून भट्टीपर्यंत.

"अन् घरघंटी?"

"घरघंटी आपल्याकडे नाही आई. आपण दळण गिरणीत देतो."

"नाही. येणार आहे."

"कधी ठरलं?" बाबांनी विचारलं.

"आता. या कैरीच्या वेळी."

"पण मला..." बाबा म्हणाले आणि तिथेच थांबले. आई विळीवरून त्यांच्याकडे पाहत होत्या. मी या घरात आल्यापासून त्यांनी बाबांकडे असं सरळ पाहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

"बोला ना," आई म्हणाल्या. "काय म्हणत होते? मला काय?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "सूनबाई, घंटी किती वॅटची येते?"

"साडेसातशेच्या आसपास."

"तं मंग सहा किलोवॅट माग. पाचात कशाला अडचण."

आईंनी सही केली. कैरीचा डाग त्या अर्जावर पडला. वीज कार्यालयातल्या कारकुनाने तो नखाने खरवडून पाहिला आणि अर्ज घेतला.

नवी जाड तार खांबावरून आली तेव्हा पावसाळा सरत आला होता. डॉक्टर लढ्ढांनी एका शिक्षिकेची दाढ पाठवली, मग एका वकिलाचे दोन दात, आणि मग ते मोजायचे थांबले. घरघंटीही आली. आईंनी हाक देणं बंद केलं. मिक्सर न सांगता सुरू व्हायचा, आणि प्रत्येक वेळी बाबा व्हरांड्यात दचकायचे. मग खुर्ची थोडी पुढे सरकवायचे, काही आलं तर ऐकू यावं म्हणून. काही येत नसे. मला त्या दिवसांत त्यांच्यासमोरून जावंसं वाटत नसे, तरी मी जात होते आणि भट्टी लावत होते.

ऑक्टोबरच्या उकाड्यात एका दुपारी भट्टी आठशेच्या पुढे होती. आत घरघंटीत ज्वारी पडत होती. अडीच हजारांवर भार असेल, म्हणजे निम्माही नाही. तेवढ्यात व्हरांड्यातून बाबांचा आवाज आला. जरा चाचरत, पण मागच्या अंगणापर्यंत पोचेल असा.

"कूलर लावू का?"

लावा की, असं मी म्हणणार होते. घरघंटी थांबली.

"थांबा जरा," आई आतून म्हणाल्या.

थांबायचं काहीच कारण नव्हतं. मी गणित करून बघितलं; दोन्ही कूलर लावले असते तरी सहा हजारांच्या कितीतरी आत. बाबांना तर ते माझ्याहून पक्कं ठाऊक होतं. ते "बरं" म्हणाले आणि बसून राहिले. थोड्या वेळाने आई बाहेर गेल्या आणि अजून थांबले आहेत का ते पाहून आल्या. मग पुन्हा एकदा गेल्या. दुसऱ्या वेळी त्यांना परत यायला वेळ लागला, आणि दोघांचं काहीतरी बोलणं चाललेलं मला ऐकू आलं. शब्द कळले नाहीत. वॅटचे नव्हते.

मी चिमट्याने साचा बाहेर काढला. अखंड होता. कूलर अजून लागला नव्हता.